अंगावर चौकड्यांचा शर्ट

१

मनकर्णा धन्वे पळून गेली, हे चिंचखोरीत सगळ्यांना माहीत होतं. कुणाबरोबर पळाली, तेही माहीत होतं. फक्त तिला जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

२०१३ सालचा दुष्काळ. पाटोदा तालुक्यातल्या त्या डोंगरकडेच्या गावात संक्रांतीआधीच विहिरी आटल्या होत्या. गावच्या सेवा सहकारी सोसायटीनं माळावर चारा छावणी उघडली होती. आसपासच्या गावांची जनावरं तिथं दावणीला होती, आणि कामाची माणसंही तिथंच. धडधाकट गडी कोयते घेऊन कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले. मनकर्णाचा नवरा बन्सी त्यांच्यातच होता. सासू थकलेली, पोरगी लहान, म्हणून मनकर्णा या साली मागं राहिली. रोज सकाळी ती छावणीवर शेण काढायला, वैरण टाकायला जायची. एक दिवस गेली ती दिवेलागणीला परतली नाही. त्याच दिवसापासून पाण्याचा टँकर आणणारा बंकट हा ड्रायव्हरही गावात यायचा बंद झाला. गावानं दोन्ही गोष्टींची गाठ मारून टाकली.

तिची सासू भामाबाई पंधरवडाभर पाण्याखेरीज घराबाहेर पडली नाही. टँकर आला की बायका आपसात बोलायच्या आणि ती जवळ गेली की गप्प व्हायच्या. तिनं सुनेची दोन लुगडी उकिरड्यावर नेऊन टाकली. नातीला सांगितलं, तुझी आई मेली.

मग एक दिवस ती जीपमध्ये बसून पाटोद्याला आली, सिंधुबाई ओव्हाळांकडे. दोघी एकाच विहारात वंदनेला बसायच्या, ओळख जुनी. सिंधुबाईची मुलगी उत्पला अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवायची आणि पुस्तक लिहायला म्हणून काही महिन्यांची रजा काढून घरी आली होती. भामाबाईनं पदराच्या गाठीतून वर्तमानपत्राचा कपटा काढला आणि वाचून दाखव म्हणाली. सोसायटीचे चेअरमन सुंदरराव, ज्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी दया येऊन आपल्या खर्चानं ही जाहिरात दिली होती. आपल्या नावानं नेमकं काय छापून आलंय ते तिला ऐकायचं होतं.

उत्पलानं वाचलं. “हरवली आहे. मनकर्णा बन्सी धन्वे, वय ३४, रंग सावळा, बांधा मध्यम. अंगावर हिरवी साडी, त्यावर तांबड्या चौकड्यांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्यास पांढरा टॉवेल. वरील वर्णनाची महिला आढळल्यास कळवावे. भामाबाई धन्वे, चिंचखोरी.”

तिनं कपटा पुन्हा वाचला, उलटूनही पाहिला. अशी जाहिरात तिनं आधी वाचली होती. मराठीत नव्हे, आणि ती सव्वाशे वर्षांपूर्वी छापलेली होती.

२

उत्पला पाच वर्षं हॉलंडमध्ये होती. शिष्यवृत्तीवर गेली, डच शिकली, आणि जुन्या डच वर्तमानपत्रांत अडकली. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर सुरीनाम नावाची डचांची वसाहत होती. गुलामगिरी उठल्यावर मळ्यांवर राबायला माणसं उरली नाहीत, म्हणून कलकत्त्याहून जहाजं भरभरून हिंदुस्थानी मजूर नेले गेले. करार पाच वर्षांचा. चिठ्ठीशिवाय मळ्याची हद्द ओलांडली तर गुन्हा. त्या वसाहतीत निघणारी वर्तमानपत्रं आता संगणकावर वाचता येत होती, आणि उत्पलाच्या लॅपटॉपमध्ये ती हजारांनी साठली होती.

पहिल्या पानावर गव्हर्नरच्या घरचा नाच, कुठल्या बाईनं काय घातलं होतं त्याची वर्णनं. साखरेचा भाव. विकायला काढलेला पियानो. आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, बारीक टाइपात, मळ्यावरून पळालेल्या माणसांच्या जाहिराती. एकाच पानावर पियानो आणि माणूस. पियानोचं वर्णन जास्त प्रेमानं केलेलं असायचं.

त्या जाहिराती वाचता वाचता तिला मळेवाल्यांचं मन कळू लागलं. माणूस खरंच पळालेला असला की जाहिरातीत कपड्यांविषयी फारसं काही नसे. पळताना त्याला कुणी पाहिलेलंच नसे. उलट तो कुठं गेला असेल याचे अंदाज खच्चून भरलेले असत. अमक्या गावात त्याचा भाऊ आहे, तमक्या नदीकडे जाईल, धरून आणील त्याला इतकं बक्षीस, अमक्या पत्त्यावर आणावा. मालकाला माणूस परत हवा असायचा.

एका मळ्याच्या जाहिराती मात्र वेगळ्या होत्या. त्यांत कपडे बारकाईनं दिलेले, अगदी ओढणीच्या ठिगळापर्यंत. पण कुठं गेली असेल ते नाही, बक्षीस नाही, पत्ता नाही. उत्पला कित्येक दिवस त्यांच्यावर विचार करत राहिली. मग पुढच्या काही वर्षांच्या अंकांत तिला एका खटल्याची बातमी सापडली. त्या मळ्यावरची लछमिनिया नावाची बाई ‘पळाली’ म्हणून जाहिरात आली होती, आणि ती मळ्याच्याच कालव्याकाठी पुरलेली निघाली. मारहाणीत मेली होती. मॅनेजरनं जे शेवटचं पाहिलं तेच जाहिरातीत लिहिलं होतं.

उत्पलानं कपटा भामाबाईपुढं धरला. मनकर्णाला शोधायची जाहिरात, आणि तिच्यात ना फोन नंबर, ना ती कुठं जाऊ शकेल याचा अंदाज. सापडली तर कळवायचं कसं? हे सगळं त्या म्हातारीला कसं सांगावं हे तिला कळेना. तिनं एकच विचारलं.

“मावशी, त्या दिवशी घरून निघताना मनकर्णानं साडीवर काय घातलं होतं?”

“बन्सीचा निळा, अर्ध्या बाह्याचा शर्ट,” भामाबाई म्हणाली. “म्याच धुतलता. आमच्या घरात चौकड्याचा शर्टच न्हाई.”

३

दुसऱ्या दिवशी उत्पला भामाबाईबरोबर चिंचखोरीला गेली. छावणीत पत्र्याचं ऑफिस होतं. तिथं सोसायटीचे सचिव गहिनीनाथ बसले होते, पन्नाशीचे, अंगानं बारीक, बोलायला घाई असलेले. मनकर्णाचं नाव निघताच त्यांनी आधी स्वतःला मोकळं करून घेतलं. त्या दिवशी ते छावणीत नव्हतेच. वैरणीची बिलं घेऊन सकाळच्या एसटीनं बीडला गेले होते, कचेरीत दिवस गेला, परत आले तेव्हा अंधार पडला होता. कचेरीतले कारकून साक्षीला होते.

उत्पलानं विचारलं, जाहिरात कुणी लिहिली. त्यांनीच लिहिली होती, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं.

“तुम्ही तिला त्या दिवशी पाहिलंच नाही,” ती म्हणाली. “मग शर्टाच्या चौकड्या तांबड्या, हे कुठून लिहिलंत?”

गहिनीनाथांनी समोरची बिलं सारखी केली. मग म्हणाले, आप्पांनी सांगितलं तसं उतरवलं. ते खाली सोसायटीचा नंबर टाकत होते, पण आप्पा नको म्हणाले. लोक उगीच फोन करून म्हातारीची टिंगल करतील. आप्पांचं मन फार मोठं आहे, हेही त्यांनी जोडलं.

आप्पा स्वतः अर्ध्या तासानं आले. पांढरे कपडे, साठी उलटलेली, आवाज कधी न चढवणारा माणूस. भामाबाईला पाहून त्यांनी आधी तिला खुर्ची द्यायला लावली. ती खाली बसली तेव्हा खुर्ची तशीच रिकामी राहिली. उत्पलाची त्यांनी आस्थेनं चौकशी केली. तालुक्याची लेक परदेशात शिकून आली, सोसायटीतर्फे सत्कार करायचा राहून गेला, म्हणाले. मनकर्णाच्या गोष्टीचं त्यांना वाईट वाटत होतं. त्या दिवशी ते उजाडल्यापासून पाटोद्यात बाजार समितीच्या बैठकीला होते. छावणीकडे फिरकलेही नव्हते. संध्याकाळी गावात आल्यावर ऐकलं.

“त्या दिवशी तुम्हाला ती दिसलीच नाही?” उत्पलानं विचारलं.

“न्हाई बघा. त्याच्या चार दिवस आधी दिसली असंल.”

बाहेर बायका शेणाच्या पाट्या वाहत होत्या. उत्पला त्यांच्यात जाऊन उभी राहिली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, तांबड्या चौकड्यांचा शर्ट कुणाचा आहे. बायका हसल्या. तो तर बायनाचा, म्हणाल्या. भावानं पुण्याहून आणलेला, पूर्ण बाह्यांचा, उन्हाळाभर अंगावरून उतरायचा नाही.

बायनाबाई कोपऱ्यात वैरण ओढत होती. अंगात अर्ध्या बाह्यांचं जुनं पोलकं. तिच्या दोन्ही दंडांवर वैरणीचे ओरखडे उठले होते. मनकर्णाची ती लहानपणापासूनची मैतरीण. उत्पलानं शर्टाचं विचारलं तेव्हा तिनं मान वर केली नाही.

“दिलता तिला,” ती म्हणाली. “त्याच दिशी. दुपारच्याला.”

“कुठं दिलास?”

बायनाबाईनं ऑफिसच्या पत्र्याकडे पाहिलं. आप्पा दारात उभे राहून त्यांच्याकडेच बघत होते. तिनं पेंढी उचलली आणि आत निघून गेली.

४

बंकटला शोधायला फार कष्ट पडले नाहीत. तो केजला होता, तहसीलजवळच्या एका पंपावर टँकर भरत उभा. मनकर्णाला घेऊन पळालेला माणूस बायको-पोरांसकट आपल्या जुन्याच घरात राहत होता. उत्पला त्याच्यासाठी आली आहे कळल्यावर तो वैतागलाच. चिंचखोरीतून त्याला फोनवर शिव्या येत होत्या, मेहुण्यानं घरी येऊन भांडण काढलं होतं, आणि त्या बाईचा चेहरासुद्धा त्याला नीट आठवत नव्हता. टँकरभोवती चाळीस घागरी असत. कुणाच्या तोंडाकडे बघणार?

मग तो चिंचखोरीला जायचा थांबला का? त्याचं उत्तर सरळ होतं. आप्पांनी त्याच संध्याकाळी त्याच्या मालकाला फोन केला. गावाला आता दुसरा टँकर लावलाय, बंकटला केजच्या खेपांवर घ्या, तिकडे पैसे बरे मिळतील. आप्पांनी आपलं भलं केलं असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

“मॅडम, एक सांगू का,” जाताना तो म्हणाला. “कुणी तरी पळाली म्हणायला एक गडी लागतो. तो मीच कावून, ते मला अजून कळालं न्हाई.”

उत्पलाला ते कळलं होतं. गावाबाहेरचा, रोज येणारा आणि एका फोनवर हलवता येणारा गडी तोच होता.

परतीच्या वाटेवर ती पुन्हा भामाबाईकडे उतरली. संध्याकाळी म्हातारी तिला डोंगराच्या अंगानं जवळच्या वाटेनं जीपच्या फाट्याकडे घेऊन निघाली. वाटेत जिकडेतिकडे लोक विहिरींत उतरले होते. कुणी खोलवत होतं, कुणी आडवे बोअर मारत होतं, दगडांचे ढीग काठांवर चढत होते. पाणी कुठंच नव्हतं, तरी खणणं थांबत नव्हतं.

टेकाडाच्या पलीकडे एका शेतात मात्र वेगळंच दिसलं. पिवळ्या मुरमाचा नवाकोरा गोल, जमिनीशी सपाट केलेला. त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांचे माग. शेजारी विहिरीतून गाळ उपसायच्या यारीचे लोखंडी पाय आडवे पडले होते.

“ही कुणाची जागा?” उत्पलानं विचारलं.

“आप्पांची विहीर व्हती,” भामाबाई म्हणाली. “खोलवाया काढलती. बुजिवली मागल्या महिन्यात.”

उत्पला तिथंच उभी राहिली. सगळा तालुका पाण्यासाठी खाली खाली जात होता, आणि एका माणसानं आपली विहीर बुजवली होती.

५

पाटोद्याच्या फौजदारानं तिला बसायला खुर्ची दिली, चहा दिला, आणि सगळं ऐकूनही घेतलं. उत्पलानं एकेक गोष्ट त्याच्यापुढं मांडली. मनकर्णा घरून निळा शर्ट घालून निघाली. दुपारी तिनं बायनाबाईचा चौकड्यांचा शर्ट घातला. जाहिरातीत चौकड्यांचाच शर्ट आहे. ते वर्णन सचिवाचं नाही, तो बीडला होता. त्याला ते आप्पांनी सांगितलं. आणि आप्पा म्हणतात, त्या दिवशी ती आपल्याला दिसलीच नाही. म्हणजे एक तर ते पाटोद्यात नव्हते, किंवा त्यांना स्वप्न पडलं. ती सापडावी अशी इच्छा असणारा माणूस जाहिरातीतून फोन नंबर काढायला सांगत नाही. पळाल्याची कथा पटावी म्हणून टँकरवाल्याला त्याच संध्याकाळी हलवलं. आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट बाईमाणूस मैत्रिणीकडून कशाला मागून घेईल? दगडाला हात खरचटतील अशा जागी उतरायचं असेल तर.

“विहिरीत,” फौजदार म्हणाला.

“बुजवलेल्या.”

त्यानं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, बैठकीच्या रजिस्टरवर आप्पांची सही असणारच, ती कधीही करता येते. विहिरीचं विचारलं तर म्हणतील पाणी लागलं नाही, जनावर पडेल म्हणून बुजवली. शर्टावरून चेअरमनचं शेत उकरायचा हुकूम त्याला कुणी देणार नव्हतं.

“पाहिलेलं माणूस आणा,” तो म्हणाला. “एक तरी.”

उत्पलाला ते माणूस माहीत होतं. पण बायनाबाईच्या दोन गाई आप्पांच्या छावणीत होत्या आणि नवरा आप्पांच्या घरी सालगडी होता.

६

बायनाबाई रविवारी दुपारी घरी एकटी भेटली. उत्पलानं तिला पोलिसांचं नाव घेतलं नाही. तिनं लछमिनियाची गोष्ट सांगितली. समुद्रापलीकडचा देश, तिथला ऊस, आपल्याच मुलखातून नेलेल्या बाया, चिठ्ठीवाचून हद्द ओलांडायची नाही हा कायदा. आणि लछमिनिया पळाली नव्हती हे कोर्टात सांगणारी तिची सोबतीण सोमरिया. चार वर्षं गप्प राहिली, मग एक दिवस बोलली.

बायनाबाई ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, त्या सोमरियाचं पुढं काय झालं.

उत्पलाला तिथं थांबता आलं असतं. सोमरियाला न्याय मिळाला, एवढं म्हणून भागलं असतं. ती म्हणाली, “मॅनेजरची दुसऱ्या मळ्यावर बदली झाली. सोमरियाला खबर उशिरा दिली म्हणून कैद झाली. पेपरात तेवढंच आहे.”

“अन् हे सांगून तुमी मला बोलाया लावताव?”

“खोटं सांगून लावणार नाही.”

बायनाबाई उठली. आत जाऊन ज्वारीच्या कणगीत हात घातला आणि घडी केलेला निळा शर्ट काढून उत्पलाच्या पुढ्यात ठेवला. मग खाली बसून, भिंतीकडे बघत, तिनं सांगितलं.

त्या दुपारी आप्पा स्वतः मोटारसायकलवरून छावणीवर आले होते. बैठकीतून मधेच उठून आले असावेत. विहिरीत सुरुंग उडवून दगड पडले होते आणि ते उपसायला गडी नव्हते. छावणीचा रोज मिळणाऱ्या दोन बाया आपल्या खासगी विहिरीवर नेल्या, हे कुणाला कळायला नको होतं. दुसऱ्या दिवशी छावणी तपासायला साहेब येणार होते. यारीवर आप्पांचा ट्रॅक्टरवाला धोंडीराम होता. त्यानं आप्पांना सांगितलं की पूर्वेची बाजू फुटलीय, खाली माणूस उतरवू नका. आप्पा म्हणाले, थोडं राहिलंय, उरकून घ्या. खाली मनकर्णा उतरली, कारण बायनाबाईला चक्कर यायची. उतरण्याआधी तिनं शर्ट बदलून मागितला.

दोन बादल्या वर आल्या. तिसरी भरत असताना दरड कोसळली.

“धुरळा बसला तवा आवाज आला,” बायनाबाई म्हणाली. “माझं नाव घेत व्हती.”

धोंडीराम गावाकडे पळायला निघाला तर आप्पांनी त्याचा दंड धरला. ते ओरडले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. गाव येईल, पोलीस येतील, सरकारी छावणीच्या बाया खासगी विहिरीत म्हणून छावणी बंद होईल, पंचक्रोशीची जनावरं उपाशी मरतील. ती काही आता वाचत नाही. मग त्यांनी धोंडीरामला ट्रॅक्टर चालू करायला सांगितला, आणि बायनाबाईला छावणीवर परत जायला.

“मी चालत ऱ्हायले. टेकाड वलांडस्तवर ऐकू येत व्हतं.”

उत्पलानं कोसळलेली विहीर आणि लपवलेला अपघात इथवर तर्क केला होता. ट्रॅक्टर चालू झाला तेव्हा मनकर्णा जिवंत होती, हे तिच्या तर्कात नव्हतं.

७

बायनाबाईनं जबानी दिली. त्या आधी ती छावणीत गेली, आपल्या दोन्ही गाई सोडल्या आणि पाटोद्याच्या बाजारात मिळेल त्या भावाला विकल्या. संध्याकाळी नवऱ्याला आप्पांच्या घरून काढून टाकलं. नवऱ्यानं तिला मारलं.

विहीर उकरायला दोन दिवस लागले. बन्सी कर्नाटकातून आला होता. खाली यंत्र चालेना तेव्हा तो स्वतः उतरला, आणि त्याच्यामागं टोळीतली आणखी माणसं. मनकर्णा दरडीखाली चिरडलेली नव्हती. पश्चिमेच्या कपारीत अंग चोरून बसली होती, बादली डोक्यावर उपडी घेऊन. अंगात चौकड्यांचा शर्ट. डॉक्टरनं लिहिलं की श्वासनलिकेत बारीक मुरूम होता. पूर्वेच्या दरडीनं तिला मारलं नव्हतं. वरून लोटलेल्या मातीनं मारलं होतं.

अंत्यविधीनंतर भामाबाई उत्पलाला बाजूला घेऊन गेली.

“लगीच गेली का गं ती?”

सिंधुबाई लांबून लेकीकडे बघत होती आणि मान हलवत होती, सांगू नकोस म्हणून. उत्पलानं सांगितलं. कोर्टात ते मोठ्यानं वाचलं जाणार होतं, आणि म्हातारीनं ते तिथं पहिल्यांदा ऐकावं असं तिला वाटलं नाही.

भामाबाई रडली नाही. म्हणाली, “ती तिथं बायनाला हाका मारीत व्हती. माझ्या नावानं मारली असंल का हाक? म्या तिची लुगडी उकिरड्यावर टाकली.”



छावणी आठवडाभरात सरकारनं बंद केली. आप्पा म्हणाले होते तसंच झालं. लोकांनी जनावरं कवडीमोलानं विकली, काही दावणीलाच मेली. गावात त्याचा दोष कुणी आप्पांना दिला नाही. बायनानं तोंड उघडलं म्हणून छावणी गेली, असं लोक म्हणत. जे तोंडावर बोलत नसत ते तिला पिठाच्या गिरणीत नंबर देत नसत.

८

खटला बीडला उभा राहायला चार वर्षं गेली. धोंडीरामनं जबाबात सांगितलं की यारीचं इंजिन चालू होतं, त्याला कुठलाच आवाज ऐकू आला नाही; बाई मेली असं समजून त्यानं माती लोटली. गहिनीनाथनं जाहिरातीचं वर्णन कुणी सांगितलं ते आठवत नाही म्हटलं. उत्पलाची साक्ष आप्पांच्या वकिलानं हसत हसत उडवून लावली. डच वर्तमानपत्रांचा आणि पाटोदा तालुक्याचा संबंध काय, त्यानं विचारलं. तिनं नीट सांगायचा प्रयत्न केला, पण तो दुसऱ्या प्रश्नाकडे वळला होता.

मग बायनाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. आवाज ऐकला, असं सांगणारी ती एकटीच होती, म्हणून वकिलानं तिला सकाळपासून दुपारपर्यंत उभं केलं. मैत्रीण खाली हाका मारते आणि ही बाई चालत निघून जाते. महिनाभर शेण काढते, भाकरी खाते, झोपते. अशा बाईवर विश्वास कसा ठेवायचा?

“ऐकूनही तू गप्प बसलीस,” तो म्हणाला. “तुला रात्री झोप कशी लागली?”

बायनाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. ती आरोपीच्या बाकाकडे बघत होती, जिथं धोंडीराम आणि आप्पा शेजारी शेजारी बसले होते.

“ऐकणारे आमी तिघं व्हतो, साहेब,” ती म्हणाली. “झोपेचं मला एकलीलाच कावून इचारताव?”

न्यायाधीशांनी लेखनिकाला ते शब्द तसेच उतरवून घ्यायला सांगितले. खून सिद्ध झाला नाही. हयगयीनं मृत्यू आणि पुरावा दडपणं, एवढ्यावर आप्पांना आणि धोंडीरामला काही वर्षांची शिक्षा झाली. आप्पांनी अपील केलं. ते जामिनावर सुटून आले तेव्हा सोसायटीच्या माणसांनी फाट्यावर जाऊन त्यांना हार घातले.

बायनाबाई तेव्हा गावात नव्हती. गावात तिला कुणी कामाला सांगत नव्हतं आणि नवऱ्यानं घरातून काढलं होतं. ऊसतोडीच्या टोळ्यांत एकट्या बाईला कुणी घेत नाही. तिला एका टोळीनं घेतलं. बन्सीच्या. त्यानं तिला मनकर्णाचा कोयता दिला, आणि त्या फडात दोघं एकमेकांशी काही न बोलता ऊस तोडत राहिली.